अपंग व्यक्तीचं रक्त चालतं, अडचण संवादाची असते

सिडकोतल्या एका रक्तदान शिबिरातून व्हीलचेअरवरच्या तरुणाला ‘अपंगांचं घेत नाही’ म्हणून परत पाठवल्याची तक्रार आहे. असा नियम नाही. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या 2017 च्या निकषांत उलट स्पष्ट म्हटलंय: अपंग, किंवा बोलण्या-दिसण्याची अडचण असलेली व्यक्ती रक्त देऊ शकते, मात्र गोपनीय संवाद झाला पाहिजे आणि तिने प्रक्रिया समजून संमती दिली पाहिजे.

बाकी अटी सगळ्यांसारख्याच. हिमोग्लोबिन किमान 12.5, वजन किमान 45 किलो. 450 मिली रक्त द्यायचं तर वजन 55 किलोच्या वर. व्हीलचेअरवाल्यांचं वजन अंदाजाने लिहू नका. खुर्चीसकट करा, मग रिकाम्या खुर्चीचं वजा करा.

खरी चूक कर्णबधिरांच्या बाबतीत होते. सोबत आलेला भाऊच प्रश्नावलीची उत्तरं देतो. लैंगिक संबंधांवरचे प्रश्न घरच्यासमोर कोण खरं सांगणार? मराठी छापील फॉर्म स्वतः भरू द्या किंवा बाहेरचा सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवा. अंधांना फॉर्म वेगळ्या खोलीत वाचून दाखवा, मांडवात मोठ्याने नको.

कुबड्या वापरणाऱ्याने सुई काढल्यावर लगेच त्या हातावर भार दिला की आत रक्त साकळतं, हात काळानिळा होतो. जास्त वेळ बसवा. मणक्याला वरच्या भागात इजा असेल तर रक्तदाब एकाएकी घसरू किंवा चढू शकतो. तिथे डॉक्टरांनी नाही म्हटलं तर ते योग्यच. जखम चिघळली असेल, लघवीचा संसर्ग असेल तर बरं होईपर्यंत थांबा.

शिबिराच्या गर्दीपेक्षा थेट रक्तकेंद्रात, आधी फोन करून जा. पायऱ्या आहेत का, तेही विचारा.