चव शेजारच्या वाटीत असते

वर कुणीतरी लिहिलंय की व्हिएतनाममधल्या सायगॉनला (आताचं हो ची मिन्ह शहर) खेकडे, शिंपल्या नुसत्या वाफवून देतात आणि त्या फिक्या लागतात. नुसत्या खाल्ल्या तर लागणारच. वाफवलेल्या पदार्थांत मसाला मुद्दाम कमी ठेवतात, खरी चव शेजारच्या छोट्या वाटीत असते आणि प्रत्येक पदार्थाची वाटी वेगळी. तिथल्या व्हिन्ह खान्ह रस्त्यावरच्या टपरीवर मी वाट्यांची अदलाबदल करायला लागलो, तर वाढणाऱ्या मावशींनी हात धरून थांबवलं! खेकड्याला मीठ-मिरपूड आणि वर पिळलेलं लिंबू, गोगलगाईंना आलं-मिरची घातलेला फिश सॉस. न्हा त्रांग या किनाऱ्यावरच्या शहराकडची हिरव्या मिरचीची आंबट-तिखट चटणी तर भाजलेल्या कोळंबीबरोबर अप्रतिम. तिच्यात चक्क कन्डेन्स्ड मिल्क असतं.

फिश सॉसच्या वासाने नाक मुरडणाऱ्यांनी व्हिएतनामच्याच फू क्वॉक बेटावरचा घेऊन बघावा. मांदेलीसारखी बारीक मासळी मिठात घालून मोठ्या लाकडी पिंपांत साधारण वर्षभर मुरवतात. २०१२ पासून युरोपीय संघात ‘फू क्वॉक’ या नावाला कायद्याचं संरक्षणही आहे. लिंबू, साखर, पाणी, लसूण घालून त्याची चव जुळवली की वास पार मवाळ होतो.