मुलांच्या आजारात ‘हार्ट ब्लॉक’ला मराठीत काय म्हणावं?

कर्वेनगरी
लहान मुलांच्या मायोकार्डायटिसवर पालकांसाठी मराठी माहितीपत्रक करतोय. ‘हृदयस्नायुदाह’ लिहून पुढे सरकलो, पण ‘अऱ्हिदमिया’, ‘कंडक्शन’ आणि ‘हार्ट ब्लॉक’ इथे गाडी अडली. ‘हृद्‌रोध’ चालेल का?

पेठकर काकू
आधी तो दाह काढा. आमच्याकडे छातीत दाह म्हणजे पित्त! ‘हृदयाच्या स्नायूंना सूज’ लिहा. ‘शोथ’ शुद्ध आहे, पण बोलतं कोण?

रात्रपाळी
बालरोग विभागात आहे म्हणून लिहितो. ‘ब्लॉक’ उच्चारला की आजोबा विचारतात, “अँजिओप्लास्टी कधी करायची?” पुण्यात घरटी एकाला तरी ‘ब्लॉकेज’ निघालेले असतात, त्यामुळे तो शब्द रक्तवाहिनीलाच चिकटलाय. ‘हृद्‌रोध’ने तोच घोळ होईल, वर हृदय बंद पडल्याची धास्ती.

इथे रक्ताची वाट मोकळीच असते. अडतो तो विजेचा संदेश. तो उजव्या वरच्या कप्प्यात निघतो, मधल्या केंद्रापाशी क्षणभर थबकतो आणि खालच्या कप्प्यांत उतरतो. विषाणूमुळे, क्वचित घटसर्पाच्या विषामुळे, स्नायू सुजला की ही वाटही सुजते. संदेश उशिरा पोचतो, मधूनच गळतो किंवा पोचतच नाही. म्हणून मी ‘ठोक्याचा संदेश अडकणे’ म्हणतो.

वाचस्पती
कंडक्शनला ‘वहन’ आहेच की, शाळेत उष्णतेचं वहन शिकलोय. ‘विद्युतवहनातील अडथळा’ हे शीर्षकाला ठीक, खाली डॉक्टरांचं वाक्य. अऱ्हिदमियाला ‘लयबिघाड’ घ्या.

समेवर
लय नको. गाणं ऐकणाऱ्याला लय म्हणजे विलंबित-द्रुत, म्हणजे वेगच. तापात मुलाचे ठोके जलद होतात, पण ताल शाबूत असतो; तो बिघाड नव्हे. वेगाला ‘गती’ आणि क्रमाला ‘ताल’ असे दोन शब्द वेगळे ठेवा.

रात्रपाळी
समेवर, हे पटलं, फक्त एक पुस्ती. ताप उतरल्यावरही ठोके फार जलद राहिले तर ताल शाबूत असला तरी दुर्लक्ष नको. मायोकार्डायटिसची तीही खूण असते. पूर्ण अडथळ्यात तर वरचे कप्पे आपल्या तालात, खालचे आपल्या, दोन्ही नियमित पण एकमेकांशी मेळ नाही. म्हणजे तबलजी आणि गायक दोघेही चोख, पण सम कधीच जुळत नाही. दहा वर्षांच्या मुलाचे एरवी मिनिटाला ८०-९० असणारे ठोके अशा वेळी ४०-५०वर येऊ शकतात. मूल निपचित पडतं, भोवळ येते. उलट खालचे कप्पे स्वतःहून बेफाम धावू लागले तर ते त्याहून धोक्याचं, तिथे विजेचा झटका द्यावा लागतो.

आणि पत्रकात हेही ठळक टाका: सुरुवात उलट्या, पोटदुखी, धाप अशीही होते. पालक आठवडाभर पोटाचं औषध देत बसतात.

कर्वेनगरी
उत्तम. मग ‘नोड’ला ‘गाठ’ लिहू ना?

पेठकर काकू
अहो, नका! गाठ वाचली की बाई रडायलाच लागेल. वर डॉक्टरांनी ‘केंद्र’ म्हटलंय, तेच ठेवा.

वाचस्पती
सहमत. जाता जाता, हे मधलं केंद्र १९०६ साली तावारा या जपानी संशोधकाने वर्णिलं. पत्रकात नको, पण इथे सांगावंसं वाटलं. कप्प्यांना अलिंद-निलय?

कर्वेनगरी
वरचे-खालचे कप्पेच ठेवतो. पेसमेकरला ‘गतिकारक’?

रात्रपाळी
पेसमेकर सगळ्यांना कळतो. त्याआधी ‘तात्पुरता’ मात्र विसरू नका. मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून तार घालतात. सूज उतरली की बऱ्याच मुलांत वाट काही दिवसांत मोकळी होते आणि तार काढतात. कायमचा थोड्यांनाच लागतो. नुसतं ‘पेसमेकर’ ऐकलं की पालक जन्मभराचं यंत्र समजतात आणि सहीला हात उचलत नाहीत.