नागपुरात शेवटचा दिवस, गाडी रात्रीची, तोवर जुनं गाव कसं पाहू?

खडकवासला७४:
नमस्कार मंडळी, पोरीला हॉस्टेलवर सोडायला पुण्याहून आलोय, मी आणि बायको. दीक्षाभूमी झाली, फुटाळ्यावर भिजून झालं, संत्रा बर्फी बॅगेत पडली. उद्या सोमवार अख्खा मोकळा आणि गाडी रात्रीची. मॉलमध्ये टाईमपास नकोय, जुनं गाव बघायचंय, वाडे देवळं आणि कुणी हातानं काही घडवत बसलं असेल तर ते. अजब बंगला (म्युझियम) आणि सीताबर्डीचा किल्ला असं ठरवलंय, जमेल का? बायकोचा गुडघा दुखतो, एका दमात फार चालणं नाही होत. आणि बॅगांचं काय करायचं?

टांगा_स्टँड:
दोन्ही कॅन्सल करा भाऊ. अजब बंगला सोमवारी बंद असते. किल्ला मिलिटरीकडे आहे, पब्लिकसाठी २६ जानेवारी, १ मे अन् १५ ऑगस्ट एवढंच उघडतात. मी जन्माचा नागपूरचा, आतापर्यंत दोनदा आत गेलो, तेही शाळेत असताना. बॅगा स्टेशनच्या क्लोक रूमला टाका, कुलूप लावून न्या नाहीतर घेत नाहीत.

महालातली_मावशी:
अहो तुम्हाला हवं ते सगळं महालात आहे, म्हणजे आमच्या महाल नावाच्या जुन्या वस्तीत. सकाळी शुक्रवारी तलावापासून सुरू करा (बोर्डावर गांधीसागर लिहिलंय, पण आम्ही शुक्रवारीच म्हणतो). तिथून जवळच गांधी गेट. त्याचं जुनं नाव जुम्मा दरवाजा, आणि तलाव म्हणजे जुम्मा तलाव, दोन्ही गोंड राजा चांद सुलतानच्या काळचे. जुम्म्याचं शुक्रवारी कधी झालं कोणाच्या लक्षात पण आलं नाही! गेटमधून आत शिरलं की भोसल्यांचं गाव. त्यांचा काळ्या दगडाचा मोठा वाडा, भरगच्च लाकडी कोरीवकाम असलेला, १८६४ मध्ये जळाला आणि मोठा दरवाजा तेवढा राहिला. मग कल्याणेश्वराच्या देवळात निवांत टेका, गुडघ्याला आराम. सगळं करून बडकस चौकातून चितार ओळीत जा, आणि तिथे घाई करू नका. पोळा-गणपती तोंडावर आलेत, बांबूच्या सांगाड्यावर तणस बांधून, माती थापून अख्खी ओळ कामाला लागलेली असते. महालक्ष्म्यांचे मुखवटे, मातीचे बैल, सगळं एकाच बोळात. आणि हो, सांबारवडी नक्की खा. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, इडलीचा नाही.

बर्डीकर_००७:
मावशी मला माफ करा पण महालात आता काय उरलंय, निम्मे वाडे पाडून फ्लॅट झाले अन् उरलेल्यांसमोर गाड्या लागल्यात. गुडघा दुखत असेल तर सिव्हिल लाईन्स बरं, झाडं आहेत, सावली आहे. हायकोर्टाची दगडी बिल्डिंग पहा, १९४० ची, घुमट काय सुंदर आहे. येताना झिरो माईल, १९०७ चा खांब अन् चार घोडे.

महालातली_मावशी:
वाडे पडले हे खरंय, आमचाच पडला. पण सोमवारी कोर्ट चालू, बाहेरून घुमट पाहून किती वेळ पाहाल? झिरो माईलला दहा मिनिटं लागतात, फोटोसकट.

टांगा_स्टँड:
चितार ओळी चौक मेट्रो स्टेशन पण आहे, रेल्वे स्टेशनपासून तिसरं. संध्याकाळी परत जायला ऑटोवाल्याशी हुज्जत नको.

खडकवासला७४:
काल रात्री गाडीत बसलो, आत्ता घरी पोचून लिहितोय. मावशी तुमचंच ऐकलं. सकाळी तर्री पोहे खाल्ले आणि तर्री दुसऱ्यांदा मागितली ही चूक झाली, ते असो. पाऊस सारखा येत-जात होता, गांधी गेटखाली अर्धा तास स्कूटरवाल्यांबरोबर उभे राहिलो. वाडे खरंच कमी उरलेत, बर्डीकर, पण एका दारावरचं कोरीव काम बघत बायको एवढा वेळ उभी राहिली की गुडघा विसरली बहुतेक.

चितार ओळीत दोन तास गेले. प्लास्टिकचा कागद टाकलेला, वर पाणी साचून पोट आलेलं, एक पोरगा काठीने ते खालून ढकलत होता आणि त्याच्याखाली एक आजोबा गणपतीची आखणी करत बसलेले. सगळा रंग झालेला, फक्त डोळे राहिलेले. मी विचारलं डोळे शेवटी का, तर म्हणाले आधी काढले तर तो पाहत राहते ना, मग बाकीचं काम करताना हात थरथरते. एवढं बोलून ब्रश जिभेवर टोकदार केला आणि एका दमात बुबुळ काढलं. आम्ही दोघं गप्प.

मातीची बैलजोडी घेतली, पेपरात गुंडाळून दिली होती तरी गाडीत एकाचं शिंग तुटलं. फेविकॉलने चिकटेल का?

महालातली_मावशी:
चिकटेल. वरून गेरू लावा, जोड दिसणार नाही. पोळ्याला पुजायचा असेल तर तुटकं शिंग भिंतीकडे करून ठेवा, आम्ही तेच करतो.