शेतकऱ्यांकडून ऑनलाइन भाजी मागवणं नागपुरात परवडते का? (बेसा-मनीषनगर साइड)

बेसावाली_वहिनी

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांब आहे, सांभाळून घ्या.

आम्ही जूनमध्ये महालातून बेस्याला राहायला आलो. महालात भाजीचं कधी टेन्शनच नव्हतं, खाली उतरलं की दोन भाजीवाल्या बसलेल्या, नाहीतर सासूबाई बुधवारी सक्करदऱ्याच्या बाजारातून आठवड्याची पिशवी भरून आणायच्या. इथं फ्लॅट मोठा, पार्किंग मस्त, पण सांबार (कोथिंबीर) घ्यायचा म्हटलं तरी गाडी काढा आणि त्या एसीवाल्या दुकानात जा, तिथं तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, चार काड्या, वास नाही काही नाही.

मग सप्टेंबरमध्ये एका अ‍ॅपवरून मागवलं. वर शेतकऱ्याचा फोटो, "थेट शेतातून" वगैरे. पालक आला तो वरून हिरवा आणि जुडी सोडली तर आतून काळा चिकट. पाकिटावरची तारीख दोन दिवस आधीची. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त तो पालक ओट्यावर तसाच ठेवला माझ्या नजरेसमोर, दिवसभर.

आता सोसायटीच्या ग्रुपवर एक लिंक आली आहे. दहा-बारा शेतकरी मिळून चालवतात म्हणे, सोमवारी यादी येते, गुरुवारी रात्रीपर्यंत ऑर्डर द्यायची, रविवारी सकाळी 7 ते 9 मध्ये एका ठिकाणी जाऊन आपली पिशवी उचलायची. पैसे आधी. ऑर्डर कमीत कमी 300 ची. भाव बाजारापेक्षा जास्तच वाटले मला, पालकाची जुडी 20 रुपये. प्रत्येक भाजीसमोर शेतकऱ्याचं नाव आणि गाव आहे, ते आवडलं, पण नाव तर त्या अ‍ॅपवरही होतं. आणि अर्ध्या गोष्टींपुढे "विषमुक्त" लिहिलंय, त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

कोणी असं घेते का? रविवारी सात वाजता उठण्याइतकं त्यात काही आहे का, की गुपचूप सासूबाईंसोबत बुधवार बाजारात जाऊ?


कॉटनमार्केट_रिटायर्ड

बुधवार बाजारात जा. विषय संपला.

आता कारण सांगतो. मी 31 वर्षं नोकरीच्या आधी सकाळी कॉटन मार्केटला जात होतो (बोर्डावर महात्मा फुले भाजी बाजार लिहिलं आहे पण तसं म्हणाल तर रिक्षावाला तुम्हालाच विचारेल कुठं आहे ते). भाजी हातात घेऊन घ्यायची वस्तू आहे. वांगं दाबून पाहावं लागते, भेंडीचं टोक मोडून पाहावं लागते, कोहळ्याची फोड कापून घ्यावी लागते. मोबाइलवर भेंडीचं टोक मोडता येते का? आणि घासाघीस केल्याशिवाय भाजीला चव येत नाही बापा.


मनीषनगर_डायरी

काका, भेंडीचं टोक मोडल्यावर ती भाजीवाली काय म्हणते तेही लिहा ना 😄

वहिनी, मी दोन वर्षांपासून अशाच एका ग्रुपकडून घेते आहे (तुमचाच आहे का माहीत नाही), तर अनुभव सांगते. तुमचं ते अ‍ॅप आणि ही लिंक या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, ऑनलाइन आहे एवढंच सारखं. अ‍ॅपवाला आधी माल घेऊन ठेवतो आणि मग तुमच्या ऑर्डरची वाट पाहतो, त्यामुळे तुम्ही क्लिक कराल तेव्हा तो पालक कुठंतरी गोदामात पडलेलाच असतो. इथं उलटं आहे, आधी तुमची ऑर्डर आणि मग तोडणी. आमच्याकडे गुरुवारी यादी बंद होते, शुक्रवारी प्रत्येक शेतकऱ्याला कळते की आपल्याला पालकाच्या किती जुड्या द्यायच्या, शनिवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर तोडतात, रविवारी सकाळी आपल्या हातात. म्हणून तो गुरुवारचा नियम आहे, ते नखरे नाहीत. मी एकदा शुक्रवारी सकाळी मेसेज केला होता "भाऊ फक्त एक जुडी मेथी" म्हणून, तर शांतपणे "पुढच्या आठवड्यात ताई" असं उत्तर आलं, तेव्हा राग आला होता, आता पटते.

खरं-खोटं ओळखायची माझी एकच पद्धत आहे, "नाही" हा शब्द ऐकू येतो का पाहा. ज्या यादीत बारा महिने सगळं मिळते ती यादी शेतातली नाही. मे महिन्यात 45 डिग्रीत नागपूरच्या आसपास कोणी लुसलुशीत मेथी देऊन राहिला असेल तर ती कुठून येते ते विचारा. आमच्या यादीत मेमध्ये ढेमसे, कोहळं, कांदे, कैऱ्या असंच असते, पालेभाजीच्या नावावर आंबाडी आणि चवळई, आणि पोरं तोंड वाकडं करतात. पण पावसाळ्यात काटवल येतात, तरोटा येतो, एकदा बांबूचे वास्ते (कोवळे कोंब) आले होते तर माझी आई (गोंदियाची) फोनवर रडायचीच बाकी होती.

मला जे शिकायला वेळ लागला ते हे की आधी मेनू ठरवून मग ऑर्डर करायची सवय सोडावी लागते. पिशवी पाहायची आणि मग ठरवायचं. आणि सगळंच तिथून घेऊ नका. बटाटे मी कोपऱ्यावरूनच घेते, ते तसेही बहुतेक बाहेरूनच आलेले असतात. पालेभाजी, वांगी, भेदरे (टमाटे), शेंगा, हळद-तिखट, जवस, डाळ, तांदूळ एवढं तिथून.


कळमेश्वरचा_भाऊ

मी शेतकरी आहो, कळमेश्वर तालुक्यात साडेतीन एकर, त्यातलं एक एकर भाजीचं, बाकी कापूस-तूर आणि थोडे संत्र्याचे झाडं. आम्ही सात जण मिळून असंच चालवतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

पहिले भावाचं. काकांचं घासाघीसवालं म्हणणं मला समजते पण कळमन्याच्या ठोक बाजारात मी पहाटे माल घेऊन गेलो की भाव माझ्या हातात राहत नाही. चार गाड्या पालक जास्त आला की तीच जुडी कवडीमोल, आणि परत आणायची सोय नाही कारण पालक आहे, कापूस नाही घरात भरून ठेवायला. म्हणजे तुम्ही बाजारात 5 रुपयाला जुडी घेता त्या दिवशी कोणाच्या तरी मजुरीचे पैसे निघाले नसतात. आम्ही ऑनलाइनवर 20 लावतो तो तीन-चार महिने 20 च राहते, बाजारात 40 झाली तरी 20. मागच्या पावसाळ्यात सांबाराचा भाव चढला तेव्हा आमच्याकडे एकदम नवीन लोकांची रांग लागली होती, नंतर भाव उतरला तं गायब 😀

300 ची ऑर्डर काहून पाहिजे विचाराल तं गाडीचं डिझेल. गावातून बेसा-मनीषनगर करून वापस यायचं, त्यात पन्नास घरं असली तं परवडते, पंधरा असली तं मी भाजी फुकट वाटून आलो समजा. घरपोच देत नाही त्याचंही हेच कारण, एका ठिकाणी दोन तासात काम होते, घरोघरी फिरलो तं दुपार होते आणि खालची भाजी वाफते.

पैसे आधी काहून, तं तोडलेली भाजी झाडाले परत लावता येत नाही ताई. आधी आम्ही हातात पैसे घ्यायचो, रविवारी पाऊस आला की वीस लोक यायचेच नाही.

हे असं विकणं चोरून वगैरे नाही बरं का. 2016 मध्ये महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून काढला, तेव्हापासून शेतकऱ्याला यार्डाच्या बाहेर थेट विकता येते.

चूक आमचीही होते. यादीत टाकलेलं नाही निघत कधी, नीलगाय रात्रीतून वाल खाऊन जाते, रोही म्हणतो आम्ही. अशा वेळी पैसे वापस द्यायला पाहिजे. न विचारता दुसरी भाजी पिशवीत टाकणारा असंन तं त्याला सांगा, पहिल्याच वेळी सांगा.


आयटीपार्क_नाइटशिफ्ट

सरकारचं ई-नाम आहे ना त्याच्यासाठी? तिथून डायरेक्ट घेता येत नाही का आपल्याला


मनीषनगर_डायरी

नाही हो, ई-नाम बाजार समित्यांना जोडणारं आहे, 2016 मध्ये आलं, तिथं व्यापारी लॉटवर बोली लावतात. तुम्हाला पावकिलो मिरची कोण देईल तिथं.


वायगावची_हळद

"विषमुक्त" या शब्दाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी कामानिमित्त शेतकरी गटांची कागदपत्रं पाहते.

विषमुक्त, नैसर्गिक, गावरान, देशी हे शब्द कोणीही लिहू शकते, त्यांच्यामागे कागद असेलच असं नाही. ऑरगॅनिक म्हटलं की मात्र नियम आहेत. दोन रस्ते आहेत, एक एनपीओपी म्हणजे बाहेरची संस्था येऊन तपासते, खर्चिक, निर्यातवाल्यांना लागते. दुसरा पीजीएस, त्यात गावातले कमीत कमी पाच शेतकरी गट करून एकमेकांच्या शेताची तपासणी करतात, लहान शेतकऱ्याला हेच जमते. त्यात रासायनिक सोडून नुकतेच वळलेले असतील तर "पीजीएस ग्रीन" आणि मधला काळ पूर्ण झाला की "पीजीएस ऑरगॅनिक". हा फरक विचारा, ज्याच्याकडे खरंच कागद आहे तो खूश होऊन दाखवतो, कारण आजवर त्याला कोणी विचारलेलंच नसते!

आणि कागद नाही म्हणजे खोटा असंही नाही. एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षेची सरकारी संस्था) नियमात लहान शेतकऱ्याला, वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर, थेट ग्राहकाला विकताना सर्टिफिकेटची सक्ती नाही, फक्त त्याला जैविक भारतचा (ऑरगॅनिकचा सरकारी) लोगो लावता येत नाही. तेव्हा लोगो लावलाय आणि नंबर नाही असं दिसलं तर तिथं थांबा.

भिवापुरी मिरची आणि आमच्या वायगावच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, नागपुरी संत्र्याला 2014 लाच मिळालं, पण जीआय म्हणजे कुठली वस्तू ते, फवारणी केली की नाही ते त्यात येत नाही. या दोन गोष्टी लोक फार मिसळतात. मी तर सरळ विचारते, भाऊ शेवटची फवारणी कशाची आणि कधी. वांग्यावर शेंडा पोखरणारी अळी येतेच, "आम्ही काहीच मारत नाही आणि एकही वांगं किडकं निघत नाही" असं कोणी म्हटलं तर मी वांगी घेत नाही त्याच्याकडून. नागपुरात बीजोत्सव भरते तिथं एकदा जाऊन या, तिथं शेतकऱ्यांशी समोरासमोर बोलता येते, देशी बियाणंही पाहायला मिळते, मग नाव वाचून तो माणूस डोळ्यासमोर येतो.


कॉटनमार्केट_रिटायर्ड

किडकं वांगं ही शुद्धतेची खूण झाली तर आता. आमच्या वेळेस बायको परत पाठवायची बदलून आणायला.


बेसावाली_वहिनी

सगळ्यांना थँक्यू! तीन रविवार झाले, म्हणून अपडेट. पहिल्या रविवारी मी 9:10 ला पोचले, पिशवी सिक्युरिटीवाल्याकडे ठेवून गेले होते, चूक माझीच. सासूबाईंनी पालकाची जुडी सोडून आतून पाहिली, नाकाला लावली, आणि "हं" म्हणाल्या. आमच्याकडे हा मोठा पुरस्कार आहे. सांबार ओल्या कापडात गुंडाळून ठेवला तो गुरुवारपर्यंत चालला. शेवटच्या फवारणीचं विचारलं तर त्या दादांनी पाच मिनिटं निंबोळी अर्कावर भाषण दिलं, मागे रांग लागली होती.

खर्च थोडा वाढलाच आहे, खोटं कशाला बोलू. पण फेकणं बंद झालं म्हणून महिन्याचा फरक वाटला तितका नाही.

पण परवा दोन किलो संत्रे घेतले आणि आले ते अर्धे हिरवे. रस्त्यावर ठेल्यावर केशरी दिसतात आणि थेट शेतकऱ्याकडून हिरवे? पिकायला तांदळात ठेवू का?


कळमेश्वरचा_भाऊ

नका ठेवू तांदळात, तो आंबा नाही. संत्रा झाडावरून तोडला की त्यापुढे गोड होत नाही, जेवढा झाला तेवढाच. सध्याचा माल आंबिया बहाराचा आहे, जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि ऑक्टोबरपासून निघतो, तेव्हा रात्री अजून थंड झालेल्या नसतात आणि थंडीशिवाय सालीवर रंग चढत नाही. आतून गोड, वरून हिरवा. डिसेंबरात तोच झाड केशरी देते. ठेल्यावरचा एवढ्या लवकर एकसारखा पिवळा दिसते तो बरेचदा इथिलीन देऊन रंग आणलेला असते. एक सोलून खा आधी, आंबट लागला तं त्या भाऊला सांगा की लवकर तोडला. मृगाचा, म्हणजे पावसाळ्यात फुलणारा, माल फेब्रुवारी-मार्चात येईल, थांबणार असाल तं तो वेगळाच.


बेसावाली_वहिनी

सोलून खाल्ला, गोड आहे 🙈 सासूबाई म्हणतात मला माहीत होतं. आता त्यांचाच प्रश्न आहे, माझा नाही: तुरीचे सोले (ओले दाणे) कधीपासून लिहायचे ऑर्डरमध्ये? संक्रांतीच्या आधी नणंदेकडचे येणार आहेत, सोलेभात करायचा आहे, दोन किलो लागतील.


कळमेश्वरचा_भाऊ

डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून शेंगा भरतील, थंडीवर आहे. पण दोन किलो सोले म्हणजे सहज चार-पाच किलो शेंगा, आधी सांगून ठेवा त्या भाऊंना. आणि शेंगाच घ्या, सोलेले मागू नका. मी एकदा हौसेनं यादीत "सोलेले सोले" टाकले होते, 18 किलोची ऑर्डर आली, आईनं शनिवारी रात्री एक वाजेपर्यंत शेंगा सोलल्या आणि सकाळी मला सोललं.