मदत हवी आहे: पहाटेचा आकडा धुराचा की दवाचा?

मोहोळ तालुक्यात उसाच्या फडाला लागून असलेल्या पारधी वस्तीवर पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) मोजायला पीएमएस५००३ हा लेझरवर चालणारा सेन्सर लावलाय. सोबत आकडे घ्यायला ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर), आर्द्रतेसाठी एसएचटी३१ सेन्सर, सोलर आणि बॅटरी. उंची ३ मीटर, चुलींपासून लांब, हवेचं तोंड खाली. दर १० मिनिटांनी पंखा ३० सेकंद फिरवून मगच आकडा घेतो.

अडचण पहाटेची. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की ४० चा आकडा थेट १८० मायक्रोग्रॅमवर. कण पाणी पिऊन फुगतात आणि लेझरला मोठे दिसतात, हे ठाऊक आहे. पण संध्याकाळी पेटवलेल्या पाचटाचा (उसाच्या वाळलेल्या पानांचा) धूरही पहाटेपर्यंत वस्तीवरच बसून असतो. ८५ च्या वरचं सगळं गाळलं, तर लेकरं खोकतात तेच तास गळतात.

पंख्याचे ५ व्होल्ट तपासले, ठीक आहेत. शेजारी दुसरा पीएमएस५००३ लावला, आकडे जुळले. अर्थात दोघांची चूक एकच असणार. शहरातल्या सरकारी केंद्राशेजारी ठेवून दुरुस्ती काढता येईल, पण तिथल्या धुळीचं गणित पाचटाच्या धुराला लावणं पटत नाही. वस्तीवर वीज नाही, त्यामुळे कणांवरचं पाणी सुकवायला हवा तापवणारी नळी सतत चालणार नाही.

ती नळी फक्त आकडा घेण्याआधी मिनिटभर तापवली तर पुरेल का? की पाचटाच्या धुरासाठी आर्द्रता-दुरुस्तीचं सूत्र कुणी प्रत्यक्ष वापरलंय? असल्यास गुणांक कोणता घेतला?