मुलाच्या वजनाचा विषय डॉक्टरांनी तुमच्या घरात कसा काढला? अनुभव लिहा

मी चिपळूणला बालरोगतज्ज्ञ आहे. ‘हा काही खातच नाही’ ही तक्रार रोज ऐकते, आणि पुष्कळदा त्या मुलाचं वजन उंचीच्या मानाने बरंच जास्त असतं. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या २०१५ च्या तक्त्यांवर ५ ते १८ वयासाठी बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन किती, त्या आकड्याच्या) दोन रेषा आहेत. त्या मोठ्यांच्या बीएमआय २३ आणि २७ शी जुळवलेल्या आहेत. पहिलीच्या वर वजन जास्त, दुसरीच्या वर लठ्ठपणा. तक्ता मी दाखवते, पण त्याने घर हलत नाही. ‘वाढीच्या वयात बऱ्याच मुलांचं वजन उतरवायची गरज नसते, उंची वाढेपर्यंत आहे तिथे राहिलं तरी पुष्कळ’ हे सांगितलं की आईवडील ऐकायला बसतात. तुमच्याशी कोण कसं बोललं आणि त्यातलं काय लागू पडलं, ते मला हवंय.

मालवण, आई

लेकीच्या मानेवर काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा आला होता. सासूबाई रोज आंघोळीला डाळीचं पीठ आणि लिंबू घेऊन घासायच्या, पोर रडायची. आम्ही तापासाठी गेलो होतो. डॉक्टरांनी ताप बघून झाल्यावर विचारलं, ‘मानेबद्दल थोडं बोललं तर चालेल?’ मग खुर्ची सासूबाईंकडे वळवली. ‘आजी, ह्यो मळ न्हय. कितीय घासलात तरी जावचो नाय.’ शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसलं की अशी त्वचा होते, हे त्यांनी आजीला समजेल असं सांगितलं. मला एकटीला सांगितलं असतं तर घरी येऊन माझंच चुकलं असतं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी स्वतः दुपारची खारी-बटरची बरणी वर ठेवली आणि नाचणीची आंबोळी सुरू केली.

रत्नागिरी, बाबा

आमच्या डॉक्टरांनी यादी दिली नाही. ‘काय जमेल ते तुम्हीच सांगा’ म्हणाले. मी म्हटलं, गोड पेयं बंद. ‘० ते १० मध्ये जमण्याची खात्री किती?’ मी ४ म्हटलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी विचारलं, ‘२ का नाही म्हणालात?’ उत्तर देता देता माझीच कारणं माझ्या तोंडून निघाली: मुलगा पाणी पितो, बायको तयार आहे, बाटल्या मीच आणतो. २५० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण २५ ग्रॅम साखर असते, हे त्यानंतर सांगितलं. कोकम सरबत मात्र मी ‘घरचं’ म्हणून त्यात धरलंच नव्हतं. त्यांनी फरक दाखवला: सिरप म्हणजे साखरेचा पाकच, आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, साखर नसते, मीठ असतं. आता आगळाची सोलकढी, तीही मीठ बेताने.

वेंगुर्ला, आता कॉलेजात

लहानपणी एका दवाखान्यात सगळ्या रांगेसमोर काट्यावर उभं करून आकडा मोठ्याने वाचायचे. लोक हसायचे. पुढे आजारी पडलो तरी मी तिथे जायला तयार नसे. नंतरच्या डॉक्टरीणबाई दार लोटून वजन घ्यायच्या आणि आईला थांबवून मलाच विचारायच्या, ‘तुला स्वतःला कशाचा त्रास होतो?’ मी म्हटलं, खेळताना धाप लागते. आमचं पुढचं सगळं बोलणं त्या धापेवर झालं. जाडी हा शब्द त्यांनी कधी काढला नाही. त्यांच्याकडे मी स्वतःहून जायचो.

दापोली, शिक्षिका आणि आई

‘रोज ६० मिनिटं हालचाल’ हे ठीक, पण पाऊस लागला की पोरं घराबाहेर पडणार कुठे? आमच्या डॉक्टरांनी आधी घर कसं आहे ते विचारलं. पडवी लांब आहे म्हटल्यावर दोरीच्या उड्या आणि लंगडी पडवीत, आणि गणपतीआधी जाखडी नाचाची तालीम. ‘ती तालीम याच साठ मिनिटांत धरा, सलग नसली तरी चालेल.’ तालमीला मुलाला ढकलावं लागत नाही, हे महत्त्वाचं.

देवगड, आजी (सुनेच्या फोनवरून)

एकट्या नातवाच्या ताटातला भात कमी करू नका, सगळ्यांची ताटं सारखी वाढा, असं डॉक्टर म्हणाले. तसंच करते. चाकरमानी खाऊ घेऊन येतात तेव्हा कठीण जातं.

पुन्हा मी, चिपळूण

‘थायरॉईड तर नसेल?’ असं दोघांनी विचारलंय. वजन जास्त असून उंचीही वयाच्या मानाने छान वाढत असेल तर हार्मोनचा आजार क्वचितच निघतो. उंची खुंटलेली आणि वजन वाढतंय, असं असेल तर मात्र तपासण्या लवकर करायला हव्यात. येताना उंची-वजनाच्या जुन्या नोंदी, शाळेतल्या असल्या तरी, घेऊन या.