आयर्लंडमधलं जमीनदार घराणं: मृत्युपत्रं जळाली, आता शोध कुठून घ्यायचा?

भुसावळची सून

नमस्कार मंडळी. माझ्या सासूबाईंचं माहेर अँग्लो-इंडियन, भुसावळच्या रेल्वे वस्तीतलं. त्यांच्या आजोबांचे वडील आयर्लंडहून जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला आले होते. कॉर्क काउंटीत त्यांची जमीनदारी होती, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. हाताशी कागद दोनच आहेत. एक त्यांच्या लग्नाचा चर्चचा दाखला, दुसरं त्यांच्या आत्याने कॉर्कहून पाठवलेलं पत्र. पत्रात ‘आजोबांच्या मृत्युपत्राप्रमाणे’ असा उल्लेख आहे आणि जमिनीचं एक नाव आहे.

आम्हाला मिळकतीवर हक्क सांगायचा नाही. सासूबाईंचं वय झालंय, आपली माणसं कोण होती ते नावानिशी कळावं एवढीच त्यांची इच्छा. पण एका जाणकाराने सांगितलं की आयर्लंडची सगळी मृत्युपत्रं १९२२ साली जळाली, नाद सोडा. खरंच काही उरलं नाही का? आडनाव इथे देत नाही, सासूबाईंना चालणार नाही. कॉर्कमध्ये ते सर्रास आढळतं एवढं सांगते.

केळीवाला, यावल

ताई, आधी भारतातलं टोक पक्कं करा. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या चर्चनोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/३’ या मालिकेत आहेत. आपला खानदेश मुंबई इलाख्यातच होता. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’च्या संकेतस्थळावर नावानं फुकट शोधता येतं. लग्नाच्या नोंदीत बहुधा वडिलांचं नाव असतं, ते तुमच्या दाखल्याशी ताडून बघा.

दस्तलेखक नाना, चोपडा

सूनबाई, सगळं जळालं हे अर्धंच खरं आहे. त्या अर्ध्यापायी किती घरांनी शोध सोडला असेल, याचं मला फार वाईट वाटतं. मी जन्मभर खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं लिहिली. भुसावळच्याच एका निवृत्त गार्डसाहेबांच्या घरासाठी आयर्लंडचे कागद बघायला घेतले, ते आजपर्यंत सुटले नाहीत.

डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दप्तरखाना ३० जून १९२२ ला, यादवी युद्धात, स्फोट होऊन जळाला. १८५८ पूर्वी मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत शाबीत होत. त्यांच्या मूळ प्रती जवळजवळ सगळ्या त्यात गेल्या. पण दस्तनोंदणीचं कार्यालय, रजिस्ट्री ऑफ डीड्स, वेगळ्या जागी हेन्रिएटा स्ट्रीटला होतं. तिथलं दप्तर १७०८ पासून आजही शाबूत आहे.

आपल्या दुय्यम निबंधकाकडे सूची एक नावांची, सूची दोन मिळकतींची. तिथेही एक सूची नावांची आणि एक जमिनींची. फरक मोठा आहे तो असा: आपल्या सूची एकमध्ये लिहून देणार आणि लिहून घेणार दोघंही सापडतात, डब्लिनच्या नावांच्या सूचीत फक्त लिहून देणार. तुमच्या माणसाने पट्टा (जमिनीचा भाडेकरार) घेतला असेल तर तो जमीनमालकाच्या नावाखाली दडलेला असतो. त्यात १८३३ पूर्वीच्या नावांच्या सूचीत काउंटीही लिहीत नसत. सर्रास आडनाव असेल तर माणूस तिथेच दमतो. म्हणून आत्याबाईंच्या पत्रातलं जमिनीचं नाव सोन्यासारखं जपा. ते टाउनलँडचं असावं. टाउनलँड म्हणजे आपल्या मौज्यासारखा सर्वांत लहान महसुली तुकडा. तिकडे तसे साठ हजारांहून जास्त आहेत आणि एकाच नावाचे अनेक.

तिथे मूळ दस्त ठेवत नसत. दस्ताचा गोषवारा साक्षीदाराच्या शपथेवर दाखल होई, त्याला मेमोरियल म्हणतात. तो मोठ्या वह्यांत उतरवून घेत. खंड, पान आणि मेमोरियल क्रमांक असे तीन आकडे सूचीतून टिपून घ्या. या सूच्या आणि वह्यांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडून घरबसल्या वाचता येतात.

आता माझ्या जिवाभावाची गोष्ट: तीन जिवांचा पट्टा. आयर्लंडात जमिनीचा पट्टा वर्षांवर न देता माणसांच्या आयुष्यावर देण्याची रीत होती. तीन माणसांची नावं दस्तात घालायची आणि त्यातला शेवटचा जीव असेपर्यंत पट्टा चालू. घेणारा अर्थातच लांब जगतील अशी नावं घाली, म्हणजे आपली लहान लेकरं. कित्येकदा वयासकट: थोरला मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. एखादा जीव गेला की काही पट्ट्यांत ठरलेली नजराण्याची रक्कम भरून नवं नाव घालता येई, मग नातवंडंही त्याच जमिनीच्या कागदात येतात. ज्या लेकरांचा बाप्तिस्म्याचा कागद जगात उरला नाही, ती पट्ट्यात जिवंत सापडतात. पहिल्यांदा असा कागद पाहिला तेव्हा मी गार्डसाहेबांना रात्रीच फोन केला होता. (कधी राजघराण्यातल्या माणसाचं नावही जीव म्हणून घालत, तो तुमचा पूर्वज समजू नका.)

तितकाच मोलाचा म्हणजे लग्नाचा करार. जमीनदार घरात लग्नाआधी हुंडा, विधवेचा पोटगीखर्च आणि होणाऱ्या मुलांचे वाटे लिहून ठेवत. नवरानवरी, दोन्हीकडचे वडील आणि विश्वस्त म्हणून मामा-काका, सगळे एका कागदावर.

मृत्युपत्रांचं म्हणाल तर काही लोकांनी तीही या कार्यालयात नोंदवली होती. १७०८ ते १८३२ मधल्या अशा मृत्युपत्रांचे गोषवारे आयरिश मॅन्युस्क्रिप्ट्स कमिशनने तीन खंडांत छापलेत. १८०० पूर्वीच्या प्रेरॉगेटिव्ह न्यायालयातल्या (चर्चच्या वरिष्ठ न्यायालयातल्या) मृत्युपत्रांची वंशावळीपुरती टिपणं सर विल्यम बेथम यांनी आगीच्या फार आधी काढून ठेवली, ती वाचली. इंग्लंडातही मिळकत असेल तर तिकडच्या चर्चच्या कँटरबरी न्यायालयाचं दप्तर लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. आणि मृत्युपत्र १८५८ नंतरचं असेल तर मृत्युपत्रांच्या वार्षिक याद्या शाबूत आहेत. कॉर्क जिल्हा रजिस्ट्रीच्या वह्यांतल्या नकलाही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पत्रातले आजोबा १८५८ नंतर वारले असतील तर काम तिथेच होईल.

भुसावळची सून

नाना, वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई कितीतरी वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘लेकरांची वयंसुद्धा?’ पत्रावर साल १८८१ आहे. त्यात ‘आपलं सगळं कोर्टाने विकलं’ असंही आहे. घराणं कॅथलिक असेल तर फरक पडतो का? लग्नाचा दाखला प्रोटेस्टंट चर्चचा आहे.

दस्तलेखक नाना, चोपडा

पडतो. कॅथलिकांना १७७८ पर्यंत ३१ वर्षांहून लांब मुदतीचा पट्टा घ्यायला कायद्यानेच बंदी होती. त्यामुळे अठराव्या शतकातल्या वह्यांत ते फार थोडे दिसतात. दाखला प्रोटेस्टंट आहे म्हणजे तुम्हाला जुन्या वह्यांतही आशा आहे, पण धर्म बदलून जमीन राखलेली घरंही होती, हे मनात असू द्या.

‘कोर्टाने विकलं’ हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. आयर्लंडातल्या बटाट्याच्या मोठ्या दुष्काळानंतर कर्जात बुडालेल्या इस्टेटी विकायला १८४९ साली एन्कंबर्ड इस्टेट्स कोर्ट काढलं आणि १८५८ नंतर तेच काम लँडेड इस्टेट्स कोर्टाकडे गेलं. लिलावाआधी छापील पुस्तिका निघे. तिच्यात नकाशा, कुळांची नावं, जमिनीचा खंड (भाडं) आणि पट्ट्यांची मुदत असे. पट्टा जिवांवर असेल तर ते जीव कोणते, हेही. कॉर्क म्हणजे मन्स्टर प्रांत. कॉनॉट आणि मन्स्टरमधल्या इस्टेटींची माहिती गॉलवे विद्यापीठाच्या लँडेड इस्टेट्स संकेतस्थळावर घराण्यानुसार आणि वाड्यानुसार लावलेली आहे.

पत्रातलं जमिनीचं नाव अक्षर न बदलता, आत्याबाईंनी लिहिलंय तसंच इथे टाका. कॉर्कमध्ये त्या नावाचे टाउनलँड किती आणि कोणत्या बॅरनीत (काउंटीच्या पोटविभागात, आपल्या तालुक्यासारख्या), ते मी ग्रिफिथच्या मूल्यांकनाच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या जमीन-मोजणीच्या, याद्यांत बघून देतो. आडनावाची गरज नाही. बॅरनी कळली की जमिनींच्या सूचीत कुठून सुरुवात करायची तेही सांगतो.